बारमाही डोहाळे

आमच्या घरची खव्याची भट्टी होती आणि आमच्याच घरात खवा खायला बंदी होती. लग्न होऊन मी भूम तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा माहेरच्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, मजा आहे बाई तुझी, रोज पेढे. पेढे कुठले! पहिलं वर्षभर मी खवा नुसता हुंगला. सकाळी अंगणापलीकडं मोठ्या लोखंडी कढया चढायच्या, म्हशीचं दूध आटायचं, उलथण्याचा खर्र खर्र आवाज घरभर यायचा आणि दुपारच्या आत सगळा खवा पाट्यांत भरून बार्शीला रवाना व्हायचा. मागं उरायचा तो वास आणि कढईच्या बुडाला चिकटलेली खरवड.

ती खरवडही आमची नव्हती. ती गावातल्या गरोदर बाईची. माझ्या सासऱ्यांनी तसा नेमच घालून दिला होता. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत असं कळलं की त्या घरी वाटीभर खरवड जायची, मग ते घर पाटलाचं असो की पिंजाऱ्याचं. डोहाळे पुरवावेत ते तिचे. एरवी घरात कुणी काही खावंसं वाटतंय असं बोललं, तर सासरे मान वर न करता विचारायचे, "का रं, तुला दिवस गेल्यात व्हय?" हे त्यांनी आपल्या थोरल्या मुलाला, म्हणजे आमच्या मालकांना, भर पंगतीत विचारलेलं मी ऐकलं आहे. पंगत हसली, मालकही हसले, पण त्यांनी पुन्हा काही मागितलं नाही.

भट्टीचा दुसरा एक नेम होता, आणि आता मला तोच जास्त आठवतो. खवा झाला की नाही हे सासरे बोटांनी ठरवायचे. कढईच्या काठावरचा चिमूटभर खवा दोन बोटांत घ्यायचा आणि गोळी वळून बघायची. चटका बसायचाच. बसायलाच हवा. वर्षानुवर्षं भट्टीवर बसलेल्या माणसाची बोटं निबर होतात, चटका कळेनासा होतो, मग किती झालं आणि कुठं थांबायचं याचा अंदाज जातो आणि खवा करपतो. "चटका बसंना झाला की माणूस कढईवरनं उठवायचा," असं ते म्हणायचे. आपल्या सख्ख्या चुलतभावाला त्यांनी असं उठवलं होतं आणि त्यापायी भावकीत कितीतरी दिवस अबोला होता. पुढं एका सकाळी त्यांच्याच हातून खवा करपला. त्यांनी दोन्ही बोटं डोळ्यांसमोर धरून बघितली, उलथणं भिंतीला टेकवलं आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. त्यांना कुणी काही म्हणालं नव्हतं. पण ते पुन्हा कढईवर बसले नाहीत.

सासरे गेले तशी भट्टीही थंडावली. दूध डेअरीच्या टँकरला जाऊ लागलं. रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या आणि भट्टीच्याच जागेवर मालकांनी दुकान काढलं. समोर वेफर्सच्या पाकिटांच्या माळा, आत थंड पेयांचा फ्रीज, बिस्किटं, क्रीमरोल, केक, आणि शेजारी चहाची टपरी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, जातायेता दुकान दिसायचं. रंगीत माळांच्या मधोमध बसलेले मालक लांबून मखरातल्या गणपतीसारखे दिसायचे. पोटही तसंच सुटत चाललं होतं. मला तेव्हा हसू यायचं.

गावाला बारमाही डोहाळे लागले ते त्या सुमारास. शेताला निघालेला माणूस दुकानाशी थांबून एक पाकीट फोडणार. म्हशीला पेंड न्यायला आलेला एक बाटली थंडगार पिणार. वाढदिवसाला केक, बाळाला महिना झाला केक, सोसायटीवर निवडून आला केक, नवा ट्रॅक्टर घेतला तर त्याच्या बॉनेटवर केक. मागच्या पिढीची माणसं फार संयमी होती असं मी मुळीच म्हणणार नाही. पोळ्याला पैजा लावून पोळ्या रिचवणारी माणसं ती. पण पोळा वर्षातनं एकदा यायचा आणि मुख्य म्हणजे जायचा. संयम माणसांत नव्हताच, तो कॅलेंडरात होता. दुसऱ्या दिवशी उरलेली पोळी, तिसऱ्या दिवशी पुन्हा ज्वारीची भाकरी आणि पिठलं. आता तिसरा दिवस येतच नाही.

मी काही साध्वी नाही. जेवणं उरकली की फोन हातात घेते, एवढं एक बघते आणि ठेवते असं म्हणते आणि मान अवघडेपर्यंत बघत राहते. मालक शेजारी बसून त्यांच्या फोनवर दुसऱ्यांचं खाणं बघतात. लोण्यात बुडणारे पाव, तारा सुटणारं चीज, कढईत फुगणाऱ्या जिलब्या. पोट भरलेलं असतं तरी ते बघता बघता आवंढा गिळतात. भरल्या पोटाच्या माणसाला भूक लागावी म्हणून कुणीतरी कुठंतरी बसून एवढी मेहनत घेतंय, हे मनात आलं की मला भीती वाटते. सासऱ्यांसारखा एक माणूस अशा गोष्टीला कसा पुरणार होता, कोण जाणे.

मोरीत मुंग्या लागायला लागल्या तेव्हाच मला समजायला हवं होतं. माझ्या आईनं मला लहानपणी सांगितलं होतं, मोरीत मुंग्या म्हणजे घरात कुणाच्या तरी अंगात साखर. मी खडूची रेघ मारली, पावडर टाकली, मुंग्या रेघ ओलांडून येत राहिल्या. मग मालकांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, आणि आम्ही बार्शीला गेलो. शुगर निघाली. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाला, "सगळं सोडायची गरज नाही काका. खा, पण प्रमाणात खा. आणि पायांना जपा."

परतीच्या एसटीत मालकांनी गोळ्यांची चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "प्रमाणात म्हंजी किती गं?"

"म्हणजे थोडं."

"थोडं म्हंजी किती? एक पेढा का अर्धा? रोज का आठवड्याला?"

मी शिक्षिका. प्रमाण मी फळ्यावर शिकवते. पण ताटातलं प्रमाण मीही कधी शिकले नव्हते. आमच्याकडं दोनच गोष्टी शिकवल्या गेल्या. सणाला पोटाला तडस लागेस्तोवर खायचं आणि उपासाला काही खायचं नाही. मधलं कुणी शिकवलंच नाही, कारण मधल्या दिवसांत खायला असं काही नसायचंच.

तर आमच्या घरात प्रमाण सुरू झालं. चहा अर्धा कप. पण दुकानावर येणारा प्रत्येक जण म्हणणार, "घ्या की अर्धा, एवढ्यानं काय होतंय?" नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. असे अर्धे अर्धे करून दिवसाकाठी किती व्हायचे ते त्यांनाही माहीत नव्हतं. कुणाची बारशाची मिठाई, कुणाच्या लेकाला नोकरी लागल्याचे पेढे, कुणी तुळजापूरहून आणलेला प्रसाद. प्रसादाला कोण नाही म्हणणार? एवढ्यानं काय होतंय, हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या तोंडांतून ऐकलं की मला ते एकाच कुणाचं तरी वाटायला लागलं. जणू कुणीतरी गावातल्या सगळ्यांच्या तोंडून आमच्या मालकांशी बोलत होतं. मी चिडायचे, भांडायचे. शेजारची काकू मलाच समजवायची, "बाई, गड्याच्या तोंडातला घास काढू नये." आणि माझ्यादेखत त्यांच्या हातावर करंजी ठेवायची.

श्रावणात एक दिवस मालक गावातनं जेवायला घरी आले, तर एकाच पायात चप्पल. दुसरी वाटेत कुठंतरी निसटून पडलेली. त्यांना पत्ताच नव्हता. ते डाव्या पायानं तसेच अनवाणी, खडीवरनं चालत आले होते. सगळं घर हसलं. धाकटी जाऊ म्हणाली, "भावजी, ध्यान कुठं हाय?" मालकांनीही हसून साजरं केलं. मी हसता हसता थांबले. खडी टोचली कशी नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "जाड झाल्यात पाय. शेतकऱ्याचे पाय हायेत." मला त्या क्षणी लिंबाखाली बसलेले सासरे दिसले.

मग घट बसले. आमच्याकडं पुष्कळ माणसं नवरात्रात उपास धरतात आणि पायात काही घालत नाहीत. मालक कधी त्या फंदात पडले नव्हते. त्या वर्षी घटासमोर हात जोडून त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "आईच्या नावानं गोड सोडलं. घट उठंस्तोवर साखरंचा कण तोंडात घालणार न्हाय. उपास धरणार, अनवाणी ऱ्हाणार."

आणि पाळलं. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला. जो माणूस अर्धा पेढा खाऊन थांबू शकत नव्हता, त्यानं माळांमधल्या पाकिटांकडं बघणंसुद्धा सोडलं. कुणी चहा पुढं केला की ते नुसते पायांकडं बोट दाखवायचे. अनवाणी पाय दिसले की समोरचा कप मागं घ्यायचा आणि वर हात जोडायचा. आईच्या नावापुढं एवढ्यानं काय होतंय म्हणायची कुणाची छाती होती? सोडणं त्यांना जमत होतं. थोडं खाणं तेवढं जमत नव्हतं. मला वाटलं, सापडला उपाय. मी शाळेतसुद्धा सांगितलं सगळ्यांना.

उपासाला काय खात होते, तर साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळी, बटाट्याचा कीस. गोड नाही ना, मग चालतं. सकाळची गोळीही दिसेना झाली. पाचव्या माळेच्या दिवशी मी पाकीट बघितलं, तर घट बसल्यापासून एकही फोडलेली नव्हती. विचारलं तर मला समजावून सांगावं तसे म्हणाले, "अगं, गोळी साखरंवर हाय. साखरच बंद हाय, तर गोळी कशावर काम करंल?" त्यांचा चेहरा इतका निवांत होता की मला क्षणभर ते पटलंसुद्धा. मग मी आरडाओरडा केला. त्यावर ते म्हणाले, उपासात औषध नको, घट उठले की घेतो.

सातव्या माळेला सकाळी मी फरशी पुसत होते. दारापासून देवघरापर्यंत तांबूस डाग पडले होते, एका पायाचे, ठरावीक अंतरावर. आधी वाटलं कुंकू सांडलं. फडक्यानं पुसलं तर ते कुंकवासारखं पसरलं नाही. मालक घटासमोर मांडी घालून बसले होते. मी त्यांचा डावा पाय उलटा करून बघितला. अंगठ्याच्या बुडाशी बाभळीचा काटा आत मोडून बसला होता, भोवती मांस काळंनिळं झालेलं, आणि एक वास. तो वास मी अजून विसरले नाही. काटा कालचा नव्हता. त्या काट्यावर ते कितीतरी दिवस चालत होते, उभे राहत होते, त्याच पायानं आरतीला ठेका धरत होते.

"दुखत नाही का हो?" मी ओरडलेच.

"न्हाय की," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं. "बघ तू. एवढा काटा गेला, पर आईनं दुखू दिलं न्हाय."

घरात जमलेल्या बायकांनी हात जोडले. शेजारची काकू खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेली. मी तिचा हात झटकला. आयुष्यात मी कधी थोरामोठ्यांशी असं वागले नव्हते. सगळे ज्याला कृपा म्हणत होते, त्याच गोष्टीसाठी या घरातल्या म्हाताऱ्यानं माणसं कढईवरनं उठवली होती.

बार्शीला डॉक्टरनं पाय बघितला आणि जखमेभोवती बोटानं दाबून बघितलं. मग विचारलं, "गोळी कधी बंद केली?"

"गोड बंद केलं तवाच," मालक म्हणाले. त्यांना अजून वाटत होतं की त्यांची पाठ थोपटली जाईल.

अंगठा काढावा लागला. शेजारचं बोटही गेलं. डॉक्टर म्हणाला, पाय वाचला हेच नशीब समजा, पुढच्या खेपेला एवढ्यावर भागणार नाही. पायाची जाणीव गेली आहे, रोज संध्याकाळी तळवे बघायचे, अनवाणी घरातसुद्धा फिरायचं नाही. दसऱ्याचं सोनं आम्ही दवाखान्यातच वाटलं. भेटायला आलेली माणसं बिस्किटांचे पुडे आणि पेढ्यांचे डबे उशाशी ठेवून गेली. दुखणाईताकडं रिकाम्या हातानं कसं जायचं? कॉटखाली ते डबे साठत गेले आणि मी घरी येताना ते सफाई करणाऱ्या बायांना देऊन टाकले. एक डबा कमी भरला. तो कुठं गेला हे मी विचारलं नाही.

जखम भरली. मालक खास बनवून घेतलेली चप्पल घालून दुकानात जायला लागले. दुकानापुढच्या पाकिटांच्या माळा काढा, असं मी दोनदा बोलले, पण मग दुकानात उरतं काय, असं त्यांनी विचारलं आणि ते खरंच होतं. गोळी आता मी समोर उभी राहून देते. पुष्कळसं सुरळीत झालं आहे, असं मी लोकांना सांगते.

पण उन्हाळ्यात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ऑपरेशनला आत नेताना त्यांनी नवस बोलला होता. पाय ठेव आई, येत्या नवरात्रात तुझ्या दारापातुर अनवाणी चालत येतो.

आमच्या गावापासून तुळजापूर म्हणजे पायी काही दिवसांची वाट, डांबर आणि खडी. मी रडले, भांडले, बोलणं टाकलं. मी म्हणाले, तुमच्या वतीनं मी चालते, नवस घरच्या माणसानं फेडलेला चालतो. ते म्हणाले, "पाय माजा ठिवला आईनं. तुज्या पायानं कसा फिटंल?" शेवटी मी त्यांना त्यांच्या वडलांची आठवण दिली. म्हटलं, मामंजी कसे कढईवरनं स्वतः होऊन उठले होते. तुमच्या पायाला कळत असेल तर जा, मी अडवणार नाही. कळत नसेल तर तुम्हीच स्वतः होऊन उठा. देवीचीही तीच इच्छा समजा.

त्यांनी आपल्या डाव्या पायाकडं बघितलं. मग म्हणाले, "हे पटलं. रोज बघ तू. ज्या दिवशी कळंना, त्या दिवशी नवस ऱ्हायला."

तेव्हापासून संध्याकाळी मी त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसते. जावा चिडवतात, कॅलेंडरातली लक्ष्मी झालीस म्हणून. मी तळवा बघते, मग बोटानं एकेक जागा दाबते आणि विचारते, कळतंय का? ते तिकडं फोन बघत असतात, कारण इकडं बघायचं नाही असं आमचं ठरलंय. आजवर ते एकदाही नाही म्हणालेले नाहीत. मी हलकं दाबलं, जोरात दाबलं, टाचेला दाबलं, गेलेल्या अंगठ्याच्या जागी दाबलं, उत्तर तेच. मला बरं वाटायचं. डॉक्टरचंही चुकू शकतं, जाणीव परत येतही असेल, असं मी मनाशी म्हणायला लागले होते.

पितृपंधरवडा सुरू झाला आहे. तो संपला की घट बसतील. काल संध्याकाळी पाय मांडीवर घेतला, तळवा पुसला आणि बोट पुढं केलं. त्यांच्या फोनवर कुणीतरी तुपात काहीतरी तळत होतं, त्याचा चर्र आवाज येत होता. मी विचारलं, "कळतंय का?"

"कळतंय की," ते म्हणाले.

माझं बोट अजून त्यांच्या पायाला लागलंच नव्हतं.